नववा बोल्ट

यार्डात त्याला सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो होड्या कान देऊन तपासायचा. शिडाच्या होडीच्या पोटाखाली कील असते, म्हणजे शिशाचं जड पातं. ते खाली ओढतं म्हणून वाऱ्यात होडी पालथी होत नाही. हे पातं लांब बोल्टांवर टांगलेलं असतं. डॉक्टर प्रत्येक बोल्टवर छोटी हातोडी मारायचा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर बदलायचा. बावीस वर्षांत एकही बोल्ट चुकवून त्याने होडी पाण्यात सोडली नव्हती. सोडली ती एकच, आणि तीही घरातली.

ती त्याच्या भाऊजींची, थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. महिन्यापूर्वी खडकाला घासली होती. आठ बोल्ट खणखणीत वाजले. नववा पिण्याच्या पाण्याच्या टाकीखाली होता, आणि टाकी काढायची म्हणजे अर्धा दिवस गेला. भाऊजी घड्याळ बघत होते. वारा मनासारखा होता, सोबतीला शेजारीही येऊन बसला होता.

"आठ भाऊ धडधाकट, मग नववा काय सावत्र आहे?" भाऊजी म्हणाले.

डॉक्टर हसला आणि त्याने तळाची फळी बंद केली.

दुपारी तीनच्या सुमाराला बचाव केंद्राचा माणूस यार्डात धावत आला. शेजाऱ्याला मच्छिमारांनी पाण्यातून उचललं होतं. तो सांगत होता, खालून कडाड आवाज झाला आणि होडी पापणी लवेपर्यंत उलटली. भाऊजी तेव्हा खाली केबिनमध्ये चहा करत होते. होडीची आतून माहिती असलेला कुणी हवा होता. डॉक्टर हातोडी खिशात टाकून बचावबोटीत चढला.

होडी पोट वर करून तरंगत होती. कील नव्हतीच. डॉक्टर त्या निसरड्या पोटावर पालथा पडून सरपटत गेला आणि तीन ठोके दिले. आतून तीन ठोके आले.

बचावबोटीच्या कप्तानाने करवत काढायला सांगितली. छेद पाडायचा आणि माणूस वर ओढायचा, असा त्याचा हिशेब.

"छेद पाडू नका," डॉक्टर म्हणाला. "आत कोंडलेल्या हवेवर ती तरंगतेय. हवा गेली की ती दगडासारखी जाईल."

तो ठोकत पुढे सरकला. मागचा भाग बद्द वाजला, तिथे पाणी होतं. नाकाकडे पोकळ आवाज आला. पण दुसऱ्यांदा ठोकलं तेव्हा पोकळ भाग हातभर आखडला होता. हवा कुठून तरी निघत होती. त्याने गाल टेकला आणि बारीक शिट्टी ऐकली. आठ बोल्ट तुटून त्यांचे बुंधे भोकांत अडकले होते. नववं भोक रिकामं होतं. तो बोल्ट गंजून सबंधच्या सबंध निसटला होता.

डॉक्टरने भोकात अंगठा घातला. शिट्टी थांबली.

बचावबोटीवरचा पाणबुड्या खालून आत शिरला. लाट आली की गंजलेली कड अंगठ्यात रुतायची. कप्तान लाकडाची खुंटी शोधून आणतो म्हणाला. डॉक्टर म्हणाला, तेवढ्यासाठीही अंगठा काढणार नाही. आतले ठोके थांबले. चार मिनिटं काहीच नाही. मग पलीकडे पाणी ढवळलं आणि भाऊजींचं डोकं वर आलं, खोकत, शिव्या देत. तेव्हा कुठे त्याने अंगठा ओढून काढला. हाड दिसत होतं.

धक्क्यावर ताई ब्लँकेट घेऊन उभी होती.

"काय डॉक्टर, लागली का नाडी?" भाऊजींचे दात वाजत होते.

त्यांनी हे हसण्यावारी नेलं असतं. शेजारीही कीलला, खडकाला दोष देत होता. डॉक्टरने ताईकडे बघून सांगितलं, "नववा मी वाजवलाच नव्हता."

"घाई माझी होती," भाऊजी पटकन म्हणाले.

"हातोडी याच्या हातात होती," ताई म्हणाली, आणि नवऱ्याला घेऊन निघाली.

पुढचे दोन महिने ती भावाशी बोलली नाही. यार्डात आता डॉक्टर कुठल्याही होडीत शिरला की आधी टाकी काढतो. मालक कुरकुरतात. तो बोल्ट वाजवतो डाव्या हाताने. उजवा अंगठा वाकत नाही.