गयामावशीचे चार क्रेट

हे अजून कुणाच्या कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्याही नाही. लिहायला बसले आणि दोनदा उठून अंगण झाडून आले — सकाळीच झाडलेलं होतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतं. बघू.

तेलगावच्या रस्त्याला आमच्या शेतकरी कंपनीचं सीताफळ खरेदी केंद्र आहे. तिथं मी काम करते. फळ तपासायचं, तोलायचं, पुण्याकडं गर काढायच्या कारखान्याला पाठवायचं. पूर्वी ही खरेदी रस्त्याकडेचे व्यापारी करायचे, तोंड बघून. बागवाल्याला एक भाव, डोंगरातून पाटी घेऊन उतरणाऱ्या बाईला दुसरा. मग आमच्याकडं ॲप आलं. प्रत्येकाचा वेगळा कोड, प्रत्येक क्रेटवर त्या कोडाचा स्टिकर. तो स्कॅन केला की वजन काट्यावरून आपोआप चढतं, त्याच घटकेला फळवाल्याच्या मोबाईलवर मेसेज जातो. कारखान्यात क्रेट उघडला की माल कुणाचा हे कळतं. चांगला निघाला तर हिरवी खूण, खराब निघाला तर लाल. तीन लाल झाल्या की कोड बंद. तोंड बघायचं कामच उरलं नाही. हे चांगलंच झालं, आजही मला तसंच वाटतं. मग मी असं का केलं?

गयामावशी शेळ्या राखते. बालाघाटाच्या उतारावरची रानातली सीताफळं तोडून आणायची. फळाचे डोळे उघडल्याशिवाय, म्हणजे सालीवरच्या खवल्यांत फट पडल्याशिवाय हात लावायची नाही, कारण कच्चं तोडलेलं फळ पिकत नाही, काळं पडतं. तिच्या नावावर सगळ्या हिरव्या खुणा. तिला वाचता येत नव्हतं. मोबाईल माझ्यापुढं धरून दर वेळी विचारायची, “माझं नाव हाय का त्यात?” मी वाचून दाखवायचे. पदराला हात पुसून ती मोबाईल परत घ्यायची.

त्या दिवशी ती चार क्रेट ठेवून गेली. शेळ्या थांबल्यात म्हणाली, स्टिकर तू लाव म्हणाली. पाठोपाठ माझा दीर आला. त्याचेही चारच क्रेट. वरचं फळ हातात घेतलं तर दगड — सगळं कच्चं. त्याच्या कोडावर दोन लाल खुणा आधीच होत्या. मी माल परत करायला हवा होता. पण हे काम मला त्याच्याच शब्दावर लागलेलं. तो एवढंच म्हणाला, “वहिनी, या खेपेला सांभाळून घ्या.” स्टिकर बदला असं तो म्हणाला नव्हता. ते मला सुचलं — आणि किती पटकन सुचलं!

त्याच्या क्रेटवर मी मावशीचे स्टिकर लावले. मावशीच्या क्रेटवर त्याचे. तिचा कोड चांगला, कारखान्यात तिचे क्रेट कुणी नीट बघणार नाही, असं मनात धरलं. गाडी निघून गेली. मी हात धुतले, चहा प्याले.

पण कारखान्यातल्यांनी बघितलं. चारही क्रेट काळे पडले होते. मावशीच्या नावावर चार लाल खुणा आल्या आणि कोड बंद झाला. दिराच्या नावावर चार हिरव्या.

ती केंद्रावर आली तेव्हा मी खरेदीतच होते. भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर — तर काय? मी कबूल केलं असतं? ठाऊक नाही. मी म्हणाले, मावशी, कॉम्प्युटर तसं दाखवतोय. तिनं पदराला हात पुसले.

“मशीन कशाला लबाड बोलंल? माझीच नजर गेली आसंल.”

मी मान खाली घालून पुढचा क्रेट काट्यावर ठेवला.

तिनं फळ तोडणं सोडलं. तिची सून सांगत होती, आता घरात ज्वारी निवडायची तरी सुपातले खडे दुसऱ्याला बघायला लावते. डोळ्यांना तिच्या काही झालेलं नाही. ॲपमध्ये दुरुस्तीची सोय आहे — कारण लिहायचं, आपलं नाव टाकायचं. ते पान मी किती वेळा उघडलं! नावाच्या रकान्यापर्यंत जाते आणि परत फिरते.

आता कंपनी मला गावोगाव पाठवते, बायकांना ॲप शिकवायला. युसूफ वडगाव या गावी मागच्या महिन्यात गेलते. फायदे समजावताना मी एक उदाहरण देते, नाव न घेता — एका बाईचा कच्चा माल कसा लगेच सापडला. हो, तेच उदाहरण. देते मी ते. तिथं मागच्या रांगेतली एक बाई उठली. तिनं विचारलं, “ताई, त्या बाईला कुनी इचारलं व्हतं का, काय झालं म्हून?”

मी म्हणाले, हो, विचारलं होतं. आणि पडद्यावरचं पुढचं चित्र लावलं.

कुणीही विचारलं नव्हतं. गयामावशीचं फळ चांगलं होतं. स्टिकर मी बदलले.