आई आली तेव्हा गाडी सुरू होत नव्हती

मी कोऱ्हाळ्यातून निघाले तेव्हा जीप विहारासमोर उभी होती आणि आळीतली निम्मी माणसं तिच्याभोवती. कुणी शेंगदाण्याची चटणी देत होतं, कुणी पापड. बॅगेचं वजन वाढतंय हे सांगायची माझी हिंमत नव्हती. अप्पा आदल्या वर्षी गेले होते, त्यामुळे आई आता घरात एकटीच राहणार होती. ती रडेल असं सगळ्यांना वाटत होतं. तिनं फक्त माझ्या स्वेटरचं वरचं बटण लावलं आणि म्हणाली, "रोज फोन करू नगंस. रोज केलास तर तुझं मन तितं लागायचं न्हाय." उसाच्या ट्रॉल्यांमागून जीप बारामतीच्या रस्त्याला लागली. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरले असते.

कॅनडातल्या विनिपेगला मी वृद्धाश्रमात नर्स म्हणून आले. आपल्याकडं शेकोटीभोवती बसून "लई गारठा पडलाय" म्हणतो, तो गारठा म्हणजे इथल्या माणसांचा वसंत. इथं हिवाळ्यात श्वास घेतला की नाकातले केस ताठ होतात. गाडीशिवाय चालत नाही, म्हणून एक जुनी गाडी घेतली. दोन हिवाळे तिनं निमूट काढले. तिसऱ्या हिवाळ्यात मात्र किल्ली फिरवली की ती कण्हायला लागली. घर्र... घर्र... आणि कशीबशी सुरू व्हायची. सगळे म्हणाले, बॅटरी म्हातारी झाली. मी नवी बसवली. थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच.

आणि नेमकी आई येणार त्या दिवशी गाडीनं मान टाकली. नुसतं 'टक्' वाजलं आणि डॅशबोर्डवरचे दिवे मालवले. आई पहिल्यांदाच विमानात बसली होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, तिचा फोन इथं चालणार नव्हता. टॅक्सीला फोन केला तर कुणी लवकर यायला तयार नव्हतं. स्टिअरिंगवर डोकं टेकून मला रडू फुटलं.

शेजारच्या डोरीनबाईंनी खिडकीतून पाहिलं असावं. एकट्याच राहतात, सत्तरी ओलांडलेल्या. आम्ही तोवर हात हलवण्यापलीकडं बोललो नव्हतो. घरातल्या चपलांवरच कोट चढवून त्या आल्या, स्वतःची गाडी माझ्या गाडीच्या तोंडाशी लावली आणि जाड वायरी काढल्या. लाल चिमटा बॅटरीला, काळा इंजिनच्या लोखंडाला. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. "जा, आई वाट बघत असेल," त्या म्हणाल्या.

इंजिन चालूच ठेवून मी विमानतळाच्या आत धावले तेव्हा आई बाकावर शांत बसली होती आणि तिथल्या एका सफाई करणाऱ्या बाईला शेंगदाण्याचा लाडू खायला लावत होती. मी गळ्यात पडून माफी मागायला लागले. "आगं, उशीर झाला तर काय झालं? मी काय हरवनार हाय व्हय? पर तुझे हात किती गार पडल्यात!"

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. गाडी पुन्हा 'टक्'. गॅरेजवाल्यानं पुढच्या आठवड्यातली वेळ दिली. डोरीनबाई वायरी घेऊन आल्या, आणि चिमटा लावता लावता माझ्या मनात आलं, बॅटरी नवी, तपासली तर भरलेली. मग यांच्या गाडीनं असं काय होतं की ही लगेच उठते? मी काळ्या चिमट्याकडं पाहिलं. तो बॅटरीला नसतोच, थेट इंजिनला असतो. मी म्हटलं, "तुमची गाडी राहू द्या. फक्त ही काळी वायर द्या." तिचं एक टोक माझ्याच बॅटरीच्या काळ्या टर्मिनलला लावलं, दुसरं इंजिनला. किल्ली फिरवली. सुरू! डोरीनबाईंनी टाळी वाजवली. म्हणजे बॅटरीतला करंट पुरेसा होता. त्याची परतीची वाटच कुजली होती.

इंजिन बंद करून मी बॅटरीपासून इंजिनकडं जाणारी अर्थिंगची केबल सोडवली. वरून धडधाकट, पण बोल्टजवळ आत सगळी हिरवी भुकटी. रस्त्यावरचं बर्फ वितळवायला इथं मीठ टाकतात, त्यानं ती खाल्ली होती. आई डोरीनबाईंचे बूट घालून टॉर्च धरून उभी होती. तिनं विचारलं, "ऊन पानी आनू का धुवाय?"

"नको आई! इथंच गोठंल ते!"

डोरीनबाईंना मराठीतलं एक अक्षरही कळलं नाही, तरी त्या खो खो हसल्या. मग त्यांच्याच गाडीतून जाऊन आम्ही नवी केबल आणली. बोल्टची जागा तारेच्या ब्रशनं लखलखीत घासली, केबल आवळली, वर ग्रीस लावलं. त्यानंतर त्या हिवाळ्यात गाडी एकदाही अडली नाही. माझ्या घरातला आईचा आणि डोरीनबाईंचा चहाही अडला नाही. मी ड्युटीवर गेल्यावर दोघी काय बोलायच्या, कोणत्या भाषेत, मला आजही माहीत नाही.

कोऱ्हाळ्यात असते तर मोटारीत हात घालायची वेळच आली नसती. हाक मारली की दहा जण धावले असते. त्या दहा जणांची आठवण अजून येते. पण एक बाई चपलांवर बर्फात धावत आली, तेव्हापासून मी या गावाला परकं म्हणणं सोडलं.

उन्हाळा लागला तशी आई परत गेली. परवा व्हिडिओवर बोलत होतो, तेवढ्यात तिकडं आईच्या दारातून कुणाची तरी हाक आली, "जय भीम, वैनी! मनीषा घरी कवा येनार?"

आईनं फोनवरून नजरही हटवली नाही. म्हणाली, "ती घरीच हाय की. हिकडं भेटाय यील."

मला जीपमध्ये बसवताना तिला जितकं जड गेलं नसेल, तितकं आता हे वाक्य म्हणताना गेलं असणार. तरी तिनं ते म्हटलं, भर दारात, माझ्यासाठी.

"आई," मी म्हटलं, "दिवाळीला येते भेटाय."

"यी. म्या हाय हितंच."