आईचं बास

आग्रह या प्रकाराची मला किळस येते. लोक त्याला प्रेम म्हणतात. म्हणोत बापडे.

माझ्या आईला शब्द गळत जाण्याचा आजार आहे. मंडईत भाजीवाल्याला एका वाक्यात गार करणारी ही बाई. तिची आधी माणसांची नावं गेली, मग भाज्यांची, आणि मग साधं ‘नको’सुद्धा. त्यामुळे कुणाकडे जेवायला गेलो की ताटात पडेल ते ती गिळायची आणि घरी येऊन भडाभडा ओकायची. पोट भरलेलं तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. पण वाढणारे चेहरा कशाला बघतात!

स्पीच थेरपिस्ट बाई म्हणाल्या, गेलेला शब्द नव्याने शिकवता येतो. फक्त एका वेळी एकच घ्या, आणि रोज त्याच प्रसंगात. मी ‘बास’ घेतला. जेवताना भाताचा डाव पुढे करायचा, तिचा हात ताटावर आडवा धरायचा, म्हणायचं, "बास." तिने म्हटलं की डाव मागे. थंडीभर हेच. एक दिवस तिने आपणहून हात आडवा केला आणि म्हणाली, "बास." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मग आत्याच्या नातवाची मुंज आली. पंगतीत आत्या जिलब्या घेऊन आली. आईने हात आडवा केला. "बास." अगदी स्पष्ट.

"अगं बाई, वहिनी बोलली!" आत्या ओरडली. "परत म्हण बघू!" आणि आईचा हात बाजूला सारून जिलबी टाकली.

"बास."

टाळ्या! आणखी एक जिलबी. कुणीतरी मोबाइल काढला. "आता माझ्या हातची," म्हणत काकाही आले.

"अहो, तिला खरंच नकोय!" मी ओरडले.

"असू दे गं, एका जिलबीने काय होतंय!"

शी! ते पाकाने चिकट झालेले हात, ते दात काढणं. आई खात होती आणि तिचे डोळे वाहत होते. नंतर कार्यालयाच्या बेसिनपाशी मी तिची पाठ चोळत होते, तेव्हा बाहेर आत्या सगळ्यांना सांगत होती, वहिनी छान सुधारली हो.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी डाव पुढे केला. आईचा हात हललाच नाही.

"आई, बास म्हण ना. बास."

तिने घाईघाईने तोंडातला घास गिळला आणि पुढच्यासाठी आ केला.