विहिणीची ओटी

माझ्या तळहातांना घाम यायचा. सगळ्यांना उन्हाळ्यात येतो तसा नव्हे. जानेवारीत, पंख्याखाली, काही कारण नसताना टपटप गळायचा. परीक्षेत उत्तरपत्रिकेखाली रुमाल, कॉलेजच्या बॅगेत दुसरा, नोकरी लागल्यावर टेबलाच्या खणात तिसरा. कुणी हात पुढे केला की मी नमस्कार करायचे. लोकांना वाटायचं, काय संस्कारी मुलगी आहे. संस्कार कसले डोंबलाचे!

हे हात आईचे. तिचेही अगदी असेच, पण तिला त्याचं कधी काही वाटलं नाही. पदराला पुसायची आणि कामाला लागायची. हळदीकुंकवाला तिने लावलेलं कुंकू नाकापर्यंत ओघळायचं, बायका हसायच्या, तीही हसायची. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं.

नव्वदचं दशक सरता सरता माझं लग्न ठरलं. कोपरीतली माणसं, चांगली, हौशी. साखरपुड्यात अंगठी घालताना मुलगा माझा हात धरणार, या एका विचाराने मला अन्न गोड लागेना. ठाण्यातल्या एका त्वचेच्या डॉक्टरांकडे घामावरचं नवीन इंजेक्शन आलंय असं कळलं, तशी मी आईला घेऊन गेलेले. त्यांनी तळव्याला आयोडीन लावून वर पिठासारखी पूड भुरभुरली. जिथे घाम तिथे हात काळानिळा होतो म्हणाले. माझा सगळाच झाला. मग बर्फ चोळून, पेनाने ठिपके काढून, एकेका ठिपक्यात सुई. मी ओरडले नाही, पण डोळे वाहत होते. आई माझा खांदा धरून उभी होती.

"चार-सहा महिने बरं राहील, मग परत घ्यावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "घरात आणखी कुणाला आहे का?"

आईने आपले दोन्ही हात पुढे केले. "मीच दिलंय तिला हे." मी खिडकीकडे बघत बसले.

आठवड्याभरात हात कोरडे झाले. अंगठ्यात जोर उरला नव्हता, बाटलीचं झाकण उघडेना, पण हात कोरडे. मी हवेत होते. आणि तिथेच मी शेण खाल्लं.

साखरपुड्यात मुलीची आई विहिणीला हळदीकुंकू लावून तिची ओटी भरते. मला डोळ्यांसमोर एकच दिसत होतं. आईची ओली बोटं, सासूबाईंच्या कपाळावरून ओघळणारं कुंकू, आणि मग त्यांच्या मनात येणारच, की मुलीचेही हात असेच असतील का? आदल्या दिवशी मी आईला म्हटलं, "ओटी काकू भरेल. तू स्वयंपाकाचं बघ." त्या ओटीसाठी खण तिने चार दुकानं फिरून आणलेला. तिने तो काकूकडे दिला.

साखरपुडा आमच्या डोंबिवलीच्या ब्लॉकमध्येच होता. काकू तबक घेऊन पुढे आली, तर सासूबाई म्हणाल्या, "विहीणबाई कुठायत? ओटी त्यांच्याच हातची घेणार मी." काकू माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी सासूबाईंच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "आई बाहेरची आहे."

पाळी आलेल्या बाईने बाजूला बसायचं, हे त्यांच्याकडेही होतंच. त्यांनी लगेच मान डोलावली. पण आई होती स्वयंपाकघरात, बासुंदी ढवळत. बाहेरची बाई गॅसशी कशी असेल? मी आत पळाले, आईला गॅलरीत नेलं, चटईवर बसवलं आणि काय बोलून आले ते सांगितलं.

"अगं, माझी जाऊन दोन वर्षं झाली," ती हळूच म्हणाली.

"माहितीये मला. आता बस ना गप्प."

हे मी आईला म्हटलं. माझ्या साखरपुड्याच्या दिवशी. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

अंगठी घालताना त्याने हात धरला, तो कोरडा खडखडीत होता. औक्षण काकूने केलं. शिवायचं नाही म्हणून आम्ही दोघांनी गॅलरीच्या दारातूनच आईला हात जोडले, आणि तिने बसल्या जागेवरून आशीर्वाद दिला. जेवणाचं ताट काकूने तिच्यापुढे सरकवलं. बासुंदी सगळ्यांना आवडली. कौतुक काकूचं झालं.

पुढे लग्नातही आईने कुंकवाच्या तबकाला हात लावला नाही. तेव्हा मी सांगितलंही नव्हतं.

संक्रांत झाली आणि इंजेक्शनचा असर गेला. एका सकाळी सासूबाईंबरोबर मेथी निवडत होते, तर पानं तळव्याला चिकटायला लागली. त्यांनी पाहिलं. मी मेल्याहून मेले.

"घाम येतो होय? माझ्या बहिणीलाही यायचा. त्यात काय एवढं," म्हणाल्या आणि फडकं पुढे केलं. झालं, एवढंच. ज्यासाठी मी आईला गॅलरीत बसवलं, ते एवढंच होतं.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "राग मानू नकोस हं, पण तुझ्या आई जरा तोऱ्यात वाटतात. परवा हळदीकुंकवाला आल्या, मी त्यांना कुंकू लावलं, पण मला लावायला काही त्यांनी हात उचलला नाही. आमचं काही चुकलं का?"

फडकं माझ्या हातातच होतं.

"नाही हो," मी म्हटलं, "तिचा स्वभावच तसा आहे."