हवालदारांचा आवाज

बेकारांना सरकार भत्ता देत नव्हतं, कार्ड देत होतं. दर महिन्याला अंधेरीच्या नोकरी-कचेरीत जाऊन त्यावर शिक्का मारून घ्यायचा आणि आवारातल्या चिंचेखाली बसून आपलं नाव पुकारलं जायची वाट बघायची. तिथे लष्करातून सुटून आलेले एक गृहस्थ भेटायचे. आम्ही त्यांना हवालदारच म्हणायचो. बिनकामाचा माणूस इतक्या कडक इस्त्रीत मी दुसरा पाहिला नाही.

कचेरीचा शिपाई नावं नुसती पुटपुटायचा. चिंचेपर्यंत काही पोचायचं नाही आणि नाव हुकलं की महिना फुकट. म्हणून हवालदार दाराशी उभे राहायचे आणि ऐकलेलं प्रत्येक नाव परेडच्या आवाजात आवारभर फेकायचे. कुणी रमतगमत उठला की वर डाफरायचे, "अरे, पळ ना! वरातीत चाललायस काय?"

एकदा ते नळावर पाणी प्यायला गेले आणि नेमकं त्यांचंच नाव निघालं. दाराजवळच्या एका मालवणी माणसानं ते ऐकलं.

"हवालदारानू, धावा! तुमचा नाव इला!"

मग चिंचेखालचे आम्ही सगळेच ओरडलो. ओल्या मिशांनी ते जागच्या जागी ताठ झाले, "हाजिर!" म्हणाले, गळ्याचं बटण लावलं आणि सगळी परेड विसरून पळत सुटले.

एका स्टुडिओच्या फाटकावर त्यांना काम मिळालं. पुढच्या महिन्यात शिपायानं पहिलं नाव पुटपुटलं. आवारात कुणी हललं नाही. मग मीच दाराशी जाऊन उभा राहिलो, शिपायाला नाव पुन्हा विचारलं आणि बेंबीच्या देठापासून ते पुकारलं.