रिकाम्या मॅटवर अठ्ठ्याण्णव

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांवर मनातल्या मनात हसलोय. कुणी लिहिलं की दार आपोआप उघडलं, तर मी म्हणायचो बिजागरी सैल असेल. माझं कामच तसं आहे. जळगावच्या एमआयडीसीत एका पाइप कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. तापमान, दाब, प्रवाह मोजणारे सेन्सर तपासायचे, चुकीचं दाखवत असतील तर दुरुस्त करायचे – बावीस वर्षं हेच करतोय. आकडा दिसला की तो कुठून आला हे सांगता आलंच पाहिजे, असं मी नवीन लोकांना शिकवत आलोय.

मागच्या जानेवारीतल्या एका आकड्याबद्दल मला ते सांगता येत नाही. म्हणून लिहितोय.

माझ्या बायकोचं नाव शुभांगी. तिला एक आजार होता, ज्यात कातडी आणि फुफ्फुसं हळूहळू कडक होत जातात. पाच वर्षांपूर्वी कळलं. शेवटची तीन वर्षं घरात ऑक्सिजनचं मशीन होतं, नाकाला नळी. बोलताना तिला दर तीन-चार शब्दांनी थांबावं लागायचं. "अहो... चहा ठेवते... दूध आहे ना." मला त्या थांबण्याची इतकी सवय झाली होती की मधल्या जागेत मी शब्द भरून टाकायचो आणि ती हसून मान हलवायची.

आता घड्याळाचं. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं ते छोटं यंत्र आमच्या काही उपयोगाचं नव्हतं. या आजारात बोटं बर्फासारखी थंड पडतात, पांढरी-निळी होतात, आणि यंत्राला काही सापडतच नाही. मनगटावरचं स्मार्टवॉच मात्र रीडिंग द्यायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यावर फार विसंबू नका, फक्त चढउतार बघत जा. मी अर्थातच विसंबलो. अठ्ठ्याऐंशी, नव्वद, वाईट दिवशी पंच्याऐंशी. ते घड्याळ इंटरनेटवरून माझ्या फोनला जोडलेलं होतं. कारखान्यात दर तासाला मी तिचा आकडा बघायचो. सुपरवायझर म्हणायचा, "शेअर बाजार बघताय का?"

जानेवारीत आमच्या प्लांटचं वार्षिक शटडाउन असतं. बारा-बारा तास ड्युटी. आम्हाला मूलबाळ नाही, दिवसभर तिच्यापाशी कोण थांबणार? म्हणून मशीनसकट तिला धुळ्याला, देवपुरात तिच्या आईकडे नेऊन सोडलं. माझ्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात, मीही तेच म्हणतो. पंच्याहत्तरी ओलांडलीय, पण अजून काटक आहेत. एकट्याच राहतात.

रविवारी मी धुळ्याला गेलो, तर त्याच पहाटे घड्याळाचं सॉफ्टवेअर अपडेट होऊन बसलेलं. पडदा नवा, रंग नवे... आणि ऑक्सिजनच्या जागी 'मोजता आलं नाही, पुन्हा प्रयत्न करा'. नाडी दाखवत होतं, पावलं मोजत होतं, तेवढंच नाही.

मी बसलो दुरुस्तीला. बंद करून सुरू केलं. मागची काच पुसली. पट्टा घट्ट केला, हाडापासून बोटभर वर सरकवला. ॲपच्या सगळ्या परवानग्या काढून परत दिल्या. फोनपासून तोडून परत जोडलं. शेवटी सगळं पुसून कोरं करून नव्याने तिच्या नावाने सेट केलं. नाही. माझ्या हातावर बांधलं – सत्त्याण्णव. अक्कांच्या हातावर – पंच्याण्णव. शुभांगीच्या हातावर – मोजता आलं नाही.

ती खाटेवर बसून बघत होती. दुपारी म्हणाली, "आज रविवार... आहे ना. जरा इकडे... बसा."

"बसतो. एवढं झालं की."

"आकडा नाही... तर नाही. मी... आहे ना समोर."

मी 'हो हो' म्हणालो आणि कस्टमर केअरला फोन लावला. त्या मुलीने मला वर लिहिलेलं सगळं परत एकदा करायला लावलं. संध्याकाळच्या बसची वेळ झाली. शुभांगीने स्वतःच पट्टा सोडला आणि घड्याळ माझ्या हातात दिलं. "घेऊन जा. दुरुस्त झालं... की आणा." तिच्या मनगटावर पट्ट्याचा पांढरा वण होता. तो तिने दुसऱ्या हाताने चोळला.

सोम, मंगळ, बुध मला कारखान्यातून हलता आलं नाही. सकाळ-संध्याकाळ फोन व्हायचा. ती थोडंसंच बोलायची, मग अक्का घ्यायच्या. "बरी शे," असं त्यांच्या अहिराणीत सांगायच्या. गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून अकरा वाजता मी रिंग रोडजवळच्या एका दुकानात पोहोचलो. घड्याळं, मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मालक साठीकडे झुकलेले मारवाडी गृहस्थ, जळगावातच वाढलेले. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. शांत माणूस. माझं सगळं ऐकून घेतलं, घड्याळ उलटंसुलटं केलं, काच तपासली.

"सेन्सर बरा आहे साहेब. अपडेटनंतर पाच-सहा जणांची तक्रार आली. जुनं सॉफ्टवेअर टाकून बघू का?"

"टाका."

त्यांनी केबल लावायला म्हणून घड्याळ निळ्या रबरी मॅटवर ठेवलं आणि केबल शोधायला ड्रॉवर उघडला. मी नुसता बघत होतो. पडद्यावर ते गोल फिरणारं चिन्ह आलं. आपोआप. सतत मोजणी मीच चालू ठेवली होती, त्यामुळे त्यात काही नवल नव्हतं. मग आकडा आला.

अठ्ठ्याण्णव.

"भाऊ, हे काय?"

त्यांनी चष्मा सारखा केला. "टेबलावर ठेवलं की कधी कधी दाखवतं. प्रकाश मागे फिरतो ना. एकदा तर रबराच्या तुकड्यावर रीडिंग आलं होतं." हे मलाही माहीत होतं. अशी रीडिंगं येतात – पण ती उड्या मारतात. एकदा सत्तर, एकदा शंभर, मग काहीच नाही. इथे मिनिटाला मिनिट अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. माणसाचं येतं तसं.

तेवढ्यात शुभांगीचा फोन आला. फोनमध्ये नोंद आहे – अकरा वीस, तीन मिनिटं चाळीस सेकंद.

"अहो, कुठे आहात? मी मागच्या ओट्यावर बसलीये, ऊन इतकं छान आहे ना आज, अक्काने कळण्याची भाकरी टाकलीये, तुम्ही आज येऊ शकता का?"

"अगं, घड्याळ सुरू झालं. अठ्ठ्याण्णव दाखवतंय."

"कोणाचं?"

"कोणाचंच नाही. मॅटवर ठेवलंय."

ती हसली. "मग माझंच असेल."

मी तिला रबराचं आणि प्रकाशाचं सांगायला लागलो. सॉफ्टवेअर मागे कसं नेतात तेही सांगितलं. ती मधे म्हणाली, "ऐका ना, मला तुम्हाला एक सांगायचं होतं." पण भाऊंनी तेवढ्यात घड्याळ उचलून स्वतःच्या मनगटावर बांधलं होतं आणि मला बोटाने पडदा दाखवत होते. त्यावर आलं होतं – मोजता आलं नाही.

"थांब, पाच मिनिटांत करतो फोन."

"थोडं बोलू या ना."

"पाच मिनिटं फक्त."

"बरं. मी इथेच आहे."

मी फोन सायलेंटवर टाकून खिशात ठेवला. पुढचा अर्धा तास आम्ही दोघं त्या घड्याळाशी झटत होतो. भाऊंच्या हातावर – नाही. माझ्या हातावर, जिथे रविवारी सत्त्याण्णव आलं होतं तिथे – नाही. मॅटवर ठेवलं की अठ्ठ्याण्णव. मॅट काढून लाकडावर ठेवलं, तरी तेच. वर काळं कापड टाकलं, दिवा बंद केला, उलटं केलं, सेन्सर वर छताकडे... अठ्ठ्याण्णव. भाऊ शेवटी म्हणाले, "चाळीस वर्षं झाली या धंद्यात. असं नाही पाहिलं." आणि मला – हे लिहिताना लाज वाटते – मजा येत होती. बऱ्याच दिवसांनी एक चांगला अवघड फॉल्ट हाताशी आला होता.

अकरा चौपन्नला आकडा गेला. मोजता आलं नाही. मग कितीही वेळा केलं तरी नाही. मी फोन काढला. अक्कांचे दोन मिस्ड कॉल होते, आत्ताचेच.

अक्का म्हणाल्या, "तुम्ही निंघा. पोर बोलस नही."

जळगाव ते धुळे बसने अडीच तास. एरंडोल गेलं तेव्हा मी देवाचं नाव घेत होतो, जे मी कधी घेत नाही. पारोळ्याच्या स्टँडवर बस थांबली आणि कंडक्टर खाली उतरला, तेव्हा माझ्या एकदम लक्षात आलं. शुभांगी फोनवर थांबली नव्हती. ऊन, ओटा, भाकरी – सगळं तिने एका दमात सांगितलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा ती सलग बोलली, आणि मी तिच्या मधल्या जागा भरल्या नाहीत, कारण मधे जागाच नव्हत्या. हे मला फोनवर कळलं नव्हतं. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "काय झालं भाऊ?" मी फोनमधली ती तीन मिनिटं चाळीस सेकंदांची नोंद बघत होतो.

मी पोहोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. ती बाराच्या आधीच गेली होती.

अक्कांनी पुढच्या दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं ते असं. अकराच्या सुमारास नळ आला. आठवड्यातून एकदा येतो, म्हणून त्या मागच्या अंगणात ड्रम भरत होत्या. मागून शुभांगी आली. नाकाची नळी काढून ठेवलेली. जी बाई बाथरूमपर्यंत जाताना दोनदा भिंत धरायची, तिने अक्कांच्या हातातला पाइप घेतला आणि म्हणाली, "तू बस, मी भरते." राहिलेला ड्रम भरला. मग भाकरी टाकायला सांगितली. "आख्खी भाकर खादी तिन्ही," अक्का सांगतात, "ठेचासंगे." भाकरी होईपर्यंत फोन घेऊन उन्हात ओट्यावर बसली होती. माझ्याशी बोलली. त्यानंतरही फोन हातातच धरून बसली होती.

अक्का म्हणाल्या की तूच लाव ना परत. तर म्हणाली, "नको, कामात आहेत. पाच मिनिटांत करतो म्हणालेत."

थोड्या वेळाने अक्कांना वाटलं, भिंतीला टेकून उन्हात डोळा लागला. बारा वाजत आले तसं ऊन डोळ्यांवर यायला लागलं, म्हणून सावलीत ये सांगायला गेल्या.

डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, शेवटी शेवटी काही पेशंटना असं बळ येतं, तासभर, कधी दिवसभर. का ते नक्की माहीत नाही, पण येतं. पटलं. भाऊंचं प्रकाशाचं म्हणणंही मला अर्धं-अधिक पटतं. वेगवेगळं धरलं तर दोन्हींची काहीतरी संगती लागते. पण ॲपमध्ये ती रेघ अजून आहे – अकरा बाराला सुरू, अकरा चौपन्नला बंद, बेचाळीस मिनिटं, तिच्या नावाखाली. धुळ्यात तिने पाइप हातात घेतला ती वेळ आणि ती भिंतीला टेकली ती वेळ. नव्वद किलोमीटरवर, जळगावात, कुणाच्याच हातावर नसलेल्या घड्याळात. नंतर आणखी एक अपडेट आलं आणि घड्याळ ठीक चालायला लागलं. आता टेबलावर ठेवलं तर काही दाखवत नाही. मी रोज ठेवून बघायचो, आता बंद केलंय.

त्या बेचाळीस मिनिटांत शुभांगीच्या रक्तात खरोखर किती ऑक्सिजन होता हे कधीच कळणार नाही. मोजायचं एकच साधन होतं, ते मी घेऊन आलो होतो.

तिला काय सांगायचं होतं, हे मी अक्कांना विचारलं. एकदा नाही, पुष्कळदा. त्यांना माहीत नाही. शेवटचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मले नही सांगं तिन्ही. तुमलेच सांगनं व्हतं."

कुणाला स्क्रीनशॉट हवा असेल तर कृपया मागू नका. सेन्सरबद्दल काही तांत्रिक स्पष्टीकरण असेल तर लिहा, मी वाचेन. मला अजून सापडलेलं नाही. नातेवाईक म्हणतात, शेवटी तिला त्रास झाला नाही, चांगला श्वास घेत गेली, हेच मोठं समाधान माना. मी हो म्हणतो. पण अकरा चोवीसला मी फोन ठेवला आणि अकरा चौपन्नपर्यंत ती वाट बघत होती. त्या अर्ध्या तासात तिला दम लागत नव्हता. तिला बोलता येत होतं.