नॉमिनी : आई

राग मला आधी स्वतःचा येतो, मग बाकीच्यांचा. हे सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढे मी कोणाला काही बोलले तर मला कोणी साळसूद समजायला नको.

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आम्ही कळव्याला चाळीत राहायचो. विम्याची एजंट आणि तीही बाई, म्हणजे लोकांना करमणूकच. पुरुष एजंट आला की घरात कोणी नाही म्हणून सांगायचे. मी गेले की आत बसवायचे, चहा द्यायचे आणि हळूच विचारायचे, "मिस्टरांचं बरं चाललंय ना?" म्हणजे बाईवर दारोदार फिरायची वेळ का आली, हे त्यांना हवं असायचं. पुढे माझ्या कार्डावर 'आर्थिक सल्लागार' असं छापून आलं. तेव्हा मी नुसती पॉलिसीवाली होते.

माझं बस्तान बसवलं ते शेजारच्या चाळीतल्या एका काकूंनी. नवरा लवकर गेलेला, शिवणकाम करून दोन मुलगे वाढवलेले. बायकांची भिशी त्याच चालवायच्या आणि त्यांच्या शब्दाला एवढं वजन होतं की त्यांनी "ही आपली आहे गं" म्हटलं की समोरची बाई नवऱ्याला घेऊन सहीला बसायची. माझी पहिली अकरा गिऱ्हाइकं त्यांच्या भिशीतली. त्यातलंही पहिलं म्हणजे त्यांचा थोरला मुलगा. बेलापूर रोडच्या एका कंपनीत नुकताच कायम झालेला, वय बावीस, लग्नाचा पत्ता नाही. माणूस गेला तर पैसे कोणाच्या हाती द्यायचे, त्या नॉमिनीच्या रकान्यात मी लिहिलं, आई. त्या दिवशी ते बरोबरच होतं.

चार वर्षांनी त्याचं लग्न झालं. मुलगी आंबिवलीची, कमी बोलणारी. लग्न झालं की नॉमिनी बदलायचा, हे या धंद्यातलं बालवाडीतलं शिक्षण. एक छोटा फॉर्म, एक सही, एक साक्षीदार. मी फॉर्म भरून घेऊन गेले. तो म्हणाला, "ताई, आईला विचारून सांगतो." सव्वीस वर्षांचा घोडा, स्वतःच्या पगारातून हप्ता भरतोय आणि सही करायला आईची परवानगी.

काकू शिवणयंत्रावर होत्या. पायही न थांबवता म्हणाल्या, "अगं, हळद उतरायचीय अजून त्याच्या अंगावरची, आणि तू मरणाचे कागद काय आणतेस?"

मी कागद पिशवीत टाकला. पुन्हा गेले तर पितृपक्ष. या पंधरवड्यात असलं काही नको. मग दिवाळी, सणाचं अभद्र नको. मग सुनेला दिवस गेले, आता तर तोंडातून अक्षर काढू नकोस. मुलगी झाली, तर बारसं होऊ दे. बारसं झालं आणि काकू एकदाचं खरं ते बोलल्या. "माझं नाव खोडून तिचं घालायचं, एवढं काय वाईट केलंय मी त्याचं?" माझ्याकडे उत्तर होतं. तुमचं नाव खोडत नाहीये काकू, त्याच्या मागे त्याची पोर उघडी पडू नये म्हणून चाललंय, एवढं एक वाक्य. ते मी बोलले नाही.

का नाही बोलले, तेही ऐका. मार्च आलेला. आमचे विकास अधिकारी रोज ठाण्याच्या ऑफिसात बोलावून आकडा विचारायचे. काकू दुखावल्या तर भिशी गेली आणि भिशी गेली तर माझा मार्च गेला. त्या वर्षी भिशीतून मला सहा नव्या पॉलिस्या मिळाल्या. ऑफिसात सगळ्यांसमोर शाल-नारळ मिळाला. तो फॉर्म पिशवीच्या मागच्या कप्प्यात घडीवर घडी पडून मऊ झाला, मग मी पिशवी बदलली.

मुलगी दीड वर्षाची असताना तो काविळीने गेला. आठ दिवसांत.

क्लेमचे कागद मीच केले, धावपळ करून, कारण तेवढं तरी चोख करू म्हटलं. चेक आला तो अर्थातच काकूंच्या नावाने. मला वाटलेलं, घरी जाऊन गुपचूप देऊ. पण आमचे विकास अधिकारी साहेब म्हणाले, "छे, छे, चार लोकांत द्यायचा. लोकांना कळू दे पैसे मिळतात ते." तशी पद्धतच होती. चाळीच्या मधल्या अंगणात खुर्ची टाकली, भिशीच्या सगळ्या बायका जमल्या, साहेबांनी भाषण केलं आणि मी चेक दिला. काकू ढसाढसा रडल्या. खोटं नव्हतं ते रडणं, पोटचा मुलगा गेला होता. त्याचाच मला जास्त संताप येतो, की त्या बाईला धड शिव्याही देता येत नाहीत. सून वरच्या गॅलरीत मुलीला कडेवर घेऊन उभी होती. खाली तीन बायकांनी मला बाजूला घेऊन आपापल्या नवऱ्याच्या पॉलिसीचं विचारलं. मी तिघींचे पत्ते लिहून घेतले.

त्या पैशांतून धाकट्याने डोंबिवलीला ब्लॉक बुक केला. काकू मला म्हणाल्या, "घरातले पैसे घरातच राहिले बघ." दोन महिन्यांनी सून 'थोडे दिवस' म्हणून माहेरी गेली. थोडे दिवस म्हणजे किती, ते चाळीत सगळ्यांना कळलं होतं. कोणी काही बोललं नाही. एरवी कोणाच्या घरी कोणती भाजी झाली यावर बोलणाऱ्या बायका, त्यांना तेव्हाच नेमकी जीभ आवरता आली. मीही त्यांच्यातच.

वर्षभराने एका वकिलांकडून मला कळलं की नॉमिनी नुसता पैसे हातात घेणारा असतो, हक्क वारसांचा. आई, बायको, मुलगी, तिघींचा. एवढी वर्षं धंदा करून हे मला माहीत नव्हतं, याचीही लाज वाटली. पण त्याहून जास्त हुरूप आला. खरं सांगायचं तर सुटका झाल्यासारखं वाटलं. अजून काही बिघडलेलं नाही, आपण तिला सांगू, ती दावा लावेल, तिला मिळेल. दुसऱ्याच दिवशी दुपारी आंबिवली गाठली.

ती भावाच्या घरी स्वयंपाकघरातल्या एका बाजूला राहत होती. मुलगी झोपलेली. एका कारखान्यात पॅकिंगला जायला लागलेली, त्या दिवशी सुट्टी होती म्हणून भेटली. मी सगळं समजावून सांगितलं. वाटा, वारस, वकिलांची फी मी भरते, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "कोर्टात नाही जाणार मी. हिला आजी एकच आहे." मी पुन्हा रेटून बोलायला लागले. माझा आवाज चढला. काकूंना, धाकट्याला, चाळीला, तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या भित्रेपणाला, सगळ्यांना मी धुऊन काढलं. तिच्यासाठी म्हणून मी भांडत होते आणि तीच माझ्याकडे टक लावून बघत होती.

मग तिने विचारलं, "ताई, तुम्ही दर वेळी घरी यायचात ते याच कागदासाठी?"

"हो."

"चहा मीच आणून द्यायचे तुम्हाला."

"हो गं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

दोन वर्षं मी त्या घरी खेपा घातल्या. त्याच्याशी बोलले, काकूंशी बोलले, साहेबांशी बोलले. जिच्या नावाचा तो फॉर्म होता, तिच्याशी एक शब्द बोलावा असं माझ्या मनातही आलं नव्हतं. ती चहा ठेवायची, मी कप उचलायचे आणि काकूंकडे वळायचे. 

तिलाच माझी कीव आली असावी. मुलीच्या अंगावरची चादर नीट करत ती म्हणाली, "एक सहीच हवी होती ना? मी आणली असती त्यांची."